वाळूचं रजिस्टर खोटं असेल तर एआय काय करणार

मे महिन्यातली गोष्ट. राजारामपुरीत ताईकडं जेवायला गेलो होतो, जेवणं झाली, हात धुवून जरा टेकलो तोवर भाच्यानं मोबाईल पुढं केला, म्हणाला मामा ह्यो कोर्स करू काय बघा की. बघितलं तर एआयचा कोर्स, तीन महिन्यात एक्सपर्ट करून देणार, फी पंचवीस हजार, आणि खाली लाल अक्षरात की आत्ता शिकला नाहीत तर मागं राहाल. ताईची भिशी त्याच महिन्यात लागलेली, ती म्हणाली पैसे हाईत, तू फक्त हो म्हण. पोरगं मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेलं, हाताला चांगलं, पण त्या दिवशी खरंच घाबरलेलं होतं. "मामा, तुमचं क्वालिटीचं काम बी एआयच करणार म्हणालेत सगळी. मग मी मेकॅनिकल करून काय मिळवलं?"

मला दोन वाक्यात उत्तर देता आलं नाही. सतरा वर्षं झाली शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग करतात त्या कारखान्यात, क्वालिटी बघतोय, आणि गेली दोन वर्षं हे एआय प्रकरण अगदी जवळनं बघतोय, त्यात चुकलोय पण आणि फायदाही करून घेतलाय. त्याला म्हटलं महिनाभर थांब, पैसे भरू नको, मी तुला नीट लिहून देतो. ते हे.

आधी आमच्याच शॉपमधलं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एक कंपनी प्रेझेंटेशन घेऊन आली. रिजेक्शन, म्हणजे खराब निघणारा माल, निम्म्यावर येणार, वाळूचा, मेल्टिंगचा, पोअरिंगचा सगळा डेटा द्या, आमचं मॉडेल आधीच सांगेल ब्लो होल कुठल्या दिवशी वाढणार ते. ज्यांना फाउंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वाळू, बेंटोनाइट म्हणजे चिकटपणा देणारी माती, कोळशाची पूड आणि पाणी मिक्सरमध्ये मळायचं, त्याचा साचा करायचा आणि त्यात १४०० डिग्रीच्या आसपासचं लोखंड ओतायचं. पाणी जास्त झालं की वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून झालेल्या भागात, भोक राहतं, तो ब्लो होल. पाणी कमी पडलं तर साचा भुसभुशीत होतो आणि वाळू सुटून धातूत जाते. म्हणून मॉइश्चर, म्हणजे वाळूतलं पाणी, सारखं बघत राहायचं असतं, आमच्याकडं ते ३ ते ४ टक्क्यांच्या मध्ये ठेवतात.

आम्ही दोन वर्षांची रजिस्टरं काढली, दोन पोरं बसवून महिनाभर एक्सेलमध्ये भरून घेतली आणि दिली. सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला, छान छापलेला, बरंच काही होतं त्यात, पण एक ओळ माझ्या डोक्यात बसली. ब्लो होलशी वाळूतल्या मॉइश्चरचा संबंध दिसत नाही.

आमच्याकडं सँड प्लँटवर नाना आहेत, तीस वर्षं झाली, वाळू मुठीत दाबतात, बोटानं मोडतात आणि पाणी किती ते सांगतात. त्यांना ही ओळ वाचून दाखवली. ते काही वाद घालत बसले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, रजिस्टर काढा एकदा."

काढलं. मे महिन्याचं पान, मॉइश्चर ३.४, ३.४, ३.५, ३.४. जुलैचं पान, ३.४, ३.४, ३.५, ३.४. कोल्हापूरचा जुलै म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, धुतलेले कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, ट्रकमधनं येणारी नवी वाळू थपथपलेली असते, आणि आमच्या रजिस्टरात मात्र सगळं मे महिन्यासारखं. तिन्ही शिफ्टचं एकाच पेनानं एका दमात लिहिलेलं. आणि प्रत्येक पानाखाली सही माझी.

कुणी फसवायला लिहिलं असंही नाही. रात्रपाळीला एकच माणूस मिक्सर बघणार, बेल्ट बघणार आणि वर वाळूचं सँपल घेऊन, वाळवून, पुन्हा वजन करणार, ते जमणार कसं. नानांसारखी माणसं हातानं बघून पाणी कमीजास्त करायची, काम निघायचं, आणि ऑडिटला रजिस्टर लागतं म्हणून रजिस्टर भरलं जायचं. खरी माहिती नानांच्या मुठीत राहिली आणि आम्ही मशीनला शिकवला तो ऑडिटरसाठी लिहिलेला आकडा. जो आकडा बारा महिने हलतच नाही त्याचा ब्लो होलशी संबंध मशीनला दिसणार कुठनं. त्यानं बरोबर तेच सांगितलं.

दोष आमचा होताच, तो मी टाळत नाही. पण त्या कंपनीचा एकही माणूस पैसे घेण्याआधी सँड प्लँटवर येऊन अर्धा तास उभा राहिला नाही हे मला आजही पटत नाही. आला असता तर नानांनीच त्याला सांगितलं असतं.

आता उलट बाजू, कारण हे वाचून कुणाला वाटेल की मी एआयच्या विरोधात आहे. २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांना मिळालं, त्यातले डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर हे अल्फाफोल्ड या एआय मॉडेलसाठी. प्रोटीनची साखळी घडी पडून कुठला आकार घेते हे शोधायला लॅबमध्ये महिने, कधी वर्षं जायची, ते या मॉडेलनं २० कोटींहून जास्त प्रोटीनसाठी काढून दिलं. हे खरंखुरं मोठं काम आहे. पण ते कशावर शिकलं ते बघा. प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून चालू आहे, जगभरातल्या लोकांनी एकेक प्रोटीन मोजून त्याचे आकडे तिथं ठेवलेत, पन्नास वर्षं. आणि मॉडेल खरं सांगतंय का हे तपासायला १९९४ पासून दर दोन वर्षांनी एक परीक्षा होते, जिथं उत्तर लॅबमध्ये निघालेलं असतं पण जाहीर केलेलं नसतं, त्यामुळं पाठ करून कुणी पास होऊ शकत नाही. खरं लिहिलेलं रजिस्टर आणि पेपर न फुटलेली परीक्षा, दोन्ही तिथं होतं. आमच्याकडं दोन्हीतलं एकही नव्हतं आणि तरी आम्हाला अल्फाफोल्डसारखाच निकाल पाहिजे होता.

आणि इथंच लोकांचा मोठा घोळ होतो असं मला वाटतं. 'एआय' हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना लावलाय. प्रोटीनवाला एआय, आमच्या मॉइश्चरवाला एआय, कॅमेऱ्यातला एआय आणि मोबाईलवर गप्पा मारणारा एआय, यांचं आतलं काम, लागणारा डेटा, चुकायची पद्धत सगळं वेगवेगळं, पण विकणारा माणूस एकाचं नाव सांगतो आणि दुसरंच गळ्यात मारतो. हा शब्दही आजचा नाही, १९५६ साली अमेरिकेत डार्टमथला याच नावानं शास्त्रज्ञांची बैठक झाली होती, एक उन्हाळा बसलो तर बरीच प्रगती होईल असा तेव्हा अंदाज होता. राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाण्याच्या दाबावर आपोआप उघडतात, आपण त्यांना स्वयंचलित म्हणतो आणि ते काय करतात हे प्रत्येकाला कळतं. आज तेच कुणी नव्यानं विकायला आणले तर त्यावर एआय लिहिलेलं असेल.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. मी त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून वापरतोय, रोज. पुण्याच्या किंवा बाहेरच्या कस्टमरला इंग्रजीत मेल लिहायचा असला की आधी मला अर्धा तास लागायचा, शब्द सापडायचे नाहीत, चुकलं तर काय म्हणतील असं वाटायचं. आता मी मराठीत आणि मोडक्या इंग्रजीत मुद्दे टाकतो, ते मेल करून देतं, मी वाचतो, दोन शब्द बदलतो, पाठवतो. आमच्या शॉपमधली जी माणसं मराठी मीडियमची म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसायची ती आज कस्टमरशी लेखी भांडतात, चांगल्या इंग्रजीत. हा फायदा मला फार मोठा वाटतो आणि तो कुठल्या जाहिरातीत दिसत नाही.

पण त्याच टूलनं गेल्या वर्षी आमच्या एका नव्या पोराला अडचणीत आणलं असतं. त्यानं विचारलं आयएस २१० मध्ये, म्हणजे बिडाच्या कास्टिंगच्या भारतीय स्टँडर्डमध्ये, एफजी २६० ग्रेडची केमिस्ट्री, म्हणजे कुठला घटक किती, काय दिलीय. उत्तर आलं, कार्बन एवढा ते एवढा, सिलिकॉन एवढा ते एवढा, व्यवस्थित टेबल. आता एफजी २६० मधला २६० म्हणजे ताकद, २६० मेगापास्कल, स्टँडर्ड बोलतं ते मुख्यतः ताकदीबद्दल, केमिस्ट्री कशी ठेवायची हे फाउंड्रीवर सोडलेलं आहे. टेबलातले आकडे तसे अगदीच वेडेवाकडे नव्हते, कुठल्याही फाउंड्रीत साधारण तसेच असतात, म्हणूनच ते धोक्याचं होतं. पोरानं 'स्टँडर्डप्रमाणे' असं लिहून कस्टमरसाठी मेल तयार केला होता. जाण्याआधी माझ्याकडं आला म्हणून वाचलो.

असं का होतं हे कळलं की अर्धी भीती आणि अर्धा भाबडेपणा दोन्ही जातात. हे मॉडेल प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कुठला येईल ते काढत जातं. २०१७ साली गुगलच्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली त्यावर हे सगळं उभं आहे. प्रश्नासारखं दिसणारं उत्तर करणं हे त्याचं काम, आणि ते त्यात तरबेज आहे. ग्रेड विचारली की टेबल येतं कारण अशा प्रश्नाखाली टेबल असतं. आता सर्च जोडलेला असला की बऱ्याचदा खरं सापडतं, पण वाक्याचा ठामपणा मात्र दोन्ही वेळेला तेवढाच. नाना जेव्हा खात्री नसते तेव्हा "थांबा, परत बघतो" म्हणतात, आवाजातनंच कळतं. या स्क्रीनवर तसं कळायला काही सोय नाही.

माझा एक वर्गमित्र वकील आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून त्याला श्वास घ्यायला वेळ नाही, त्यामुळं तोही एआय वापरतो. त्याच्याशी बोलताना न्यूयॉर्कचा विषय निघाला, २०२३ साली तिथल्या वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते, ५००० डॉलर दंड झाला. तो म्हणाला लांब कशाला जातोस, २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं इन्कम टॅक्सची एक ऑर्डर रद्द केली, तिच्यात आधार म्हणून दिलेले निकालच सापडेनात. मग त्यानं मला त्याची पद्धत सांगितली. अर्जाचा कच्चा मसुदा, तारखांची यादी, मोठ्या कागदपत्रांचा सारांश हे तो करून घेतो कारण मूळ कागद समोर असतो, पाच मिनिटांत ताडून बघता येतं. निकाल मात्र तो स्वतः शोधतो, कारण खोटा निकाल ओळखायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात खरा सापडतो.

त्या दिवसापासून मी पण हाच हिशेब लावतो. कुठलंही टूल दाखवायला कुणी आलं की विचारतो, हे चुकलं तर कुणाच्या लक्षात येणार आणि किती वेळानं? मेल चुकला तर माझ्याच लक्षात येतो, पाठवायच्या आधी. केमिस्ट्री चुकली तर कदाचित सहा महिन्यांनी कस्टमरच्या लाइनवर कळणार. बहुतेक सेल्सवाल्यांकडं या प्रश्नाला उत्तर नसतं, ते पुन्हा स्पीडवर येतात.

स्पीडचंही एक आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेनं १६ अनुभवी प्रोग्रामर घेतले, त्यांना त्यांच्याच रोजच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, काही एआय घेऊन, काही न घेता. एआय घेऊन वेळ १९ टक्के जास्त लागला. पण त्यांना विचारलं तर ते म्हणाले आम्ही २० टक्के फास्ट झालो! सगळ्यांना सगळीकडं असंच होतं असा याचा अर्थ लावू नये, ती माणसं आपल्या कामात मुरलेली होती आणि टूल त्या वेळचं होतं. पण आपल्याला फास्ट वाटणं आणि घड्याळात फास्ट असणं यात एवढं अंतर पडू शकतं हे वाचून मी दोन आठवडे फोनवर वेळ लावून काम केलं. मेलला खरंच वेळ वाचत होता. कस्टमर कंप्लेंटच्या रूट कॉज रिपोर्टला, म्हणजे दोष मुळात कशामुळं आला ते लिहायला, वाचत नव्हता, उलट वाढत होता, कारण ते इतकी पटणारी कारणं लिहून द्यायचं की प्रत्येक कारण शॉपवर जाऊन खोडावं लागायचं. ते काम मी आता पुन्हा हातानं करतो.

कॅमेऱ्याचं सांगायचं राहिलं. ओळखीच्या एका मशीन शॉपमध्ये मशिनिंगनंतर पृष्ठभागावरची भोकं बघायला कॅमेरा लावलाय, आणि तो चालतो. माणूस आठव्या तासाला थकतो, कॅमेरा थकत नाही. पण पहिले चार महिने तो कूलंटच्या, म्हणजे मशिनिंग करताना गार ठेवायला सोडतात त्या द्रवाच्या, डागाला भोक म्हणत होता, चांगला माल बाजूला काढत होता. शिकवायला खराब पीसचे फोटो पाहिजेत, आणि शॉप चांगलं चाललं असेल तर खराब पीस मिळणार किती? शेवटी भंगारात टाकायचे पीस सहा महिने साठवून ठेवले, प्रत्येकावर जुन्या इन्स्पेक्टर बाईंनी खडूनं गोल करून दिला, मग कुठं ते जमलं. त्या बाई अजून तिथंच आहेत, कॅमेऱ्याला शंका येते तो पीस त्यांच्याकडं जातो.

आणि हे असं सगळं आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदा घडतंय असं नाही. १९९८ साली वारणानगरला वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला, आसपासची ७० गावं, गावात कॉम्प्युटरचं केंद्र, आणि त्यातनं बाजारभाव, शेतीचा सल्ला, शिक्षण सगळं गावात येणार असं होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चची माणसं येऊन बघून गेली तर ती कॉम्प्युटर मुख्यतः साखर कारखान्याच्या कामाला, म्हणजे ऊस किती भरला, खत किती उचललं, हे बघायलाच वापरली जात होती. मग त्यांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाईलवर एसएमएसनं करून बघितलं, कमी खर्चात, आणि शेतकऱ्यांना ते चाललं. २००७ मध्ये त्यावर पेपर आला. मला ही हकीकत फार आवडते. कुणी शेतकऱ्याला अडाणी म्हटलं नाही, कुणी प्रकल्पाला शिव्या घातल्या नाहीत, गावात जाऊन बघितलं की लोक खरंच काय विचारतात. लोक विचारत होते, माझा ऊस किती टन भरला.

म्हणून आता आमचे दाजी शिरोळकडनं फोन करून विचारतात की बारामतीला एआयनं ऊस वाढवला म्हणे, मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी सांगितलं, आपण करावं काय, तेव्हा मी नाही म्हणत नाही. राज्य सरकारनंही २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरण आणलंय, माती-हवेचे सेन्सर, सॅटेलाइट यातनं पाणी नेमकं देता आलं तर शिरोळच्या क्षारपड जमिनीला त्याची गरजच आहे. फक्त म्हटलं दाजी, एक एकरात लावा, शेजारचा एक एकर नेहमीसारखा ठेवा, दोन्हीचं बियाणं एक, लागण एका दिवशी, आणि पाण्याचे तास खरे लिहा. दाजी म्हणाले, एवढंच व्हय?

आता भाचा. २०१६ साली जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवलं पाहिजे, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं बघेल. हिंटन म्हणजे या क्षेत्रातला सगळ्यात मोठा माणूस, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालंय. आज दहा वर्षं होत आली, एक्स-रे आणि सीटी बघायला सॉफ्टवेअर आलंय, उपयोगाचंही आहे, आणि रेडिओलॉजिस्ट अजून पाहिजेतच. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाज चुकू शकतो तर लाल अक्षरातल्या जाहिरातीवर ताईच्या भिशीचे पंचवीस हजार लावायचे कशाला. कामं बदलणार, काही जाणार पण, टायपिंग आणि साधं भाषांतर करणाऱ्या ओळखीच्या लोकांचं काम कमी झालेलं मी बघितलंय आणि त्यांच्या घरात त्याचा त्रास आहे, ते मी भाच्यापासून लपवलं नाही.

त्याला म्हटलं टूल घरी बसून फुकट वापर, जितकं वापरशील तितकं चांगलं, पण दिवसा माझ्याबरोबर चल. साहेबांशी बोललो, सँड लॅबला ट्रेनी म्हणून घेतला. मागच्या वर्षापासून आम्ही वाळू तपासायला वेगळा माणूस ठेवतो, ते मिळवायला मला मॅनेजमेंटशी चार महिने भांडावं लागलं, तीच जागा. जूनपासून येतोय. सकाळी नाना त्याच्या हातात वाळू देतात, मूठ दाब म्हणतात, किती ते सांग, मग जा वजन करून बघ. पहिल्या आठवड्यात त्याचा अंदाज पार चुकायचा. रजिस्टर त्यानंच एक्सेलवर घेतलंय, ग्राफ काढायचा फॉर्म्युला चॅटजीपीटीला विचारून केला, मला दाखवायला आला तर ग्राफ पहिल्यांदाच वरखाली होता, पाऊस पडला की वर.

काल दुपारी तीनचं रीडिंग ४.३ आलं. बाहेर धो धो पाऊस. भाच्यानं दुसरं सँपल घेतलं, तेही ४.३, तसंच लिहिलं आणि पळत नानांकडं गेला. नानांनी मिक्सर थांबवला.